कोरडा नळ आणि माझं लाटणं

दिगू तावडेचं गाणं मला आवडत नाही. तेव्हाही आवडत नव्हतं, आताही आवडत नाही. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण आमच्या भांडुपात असं म्हणणारी हल्ली मी एकटीच उरले आहे. बाकीच्यांना ते म्हणे पहिल्यापासून आवडत होतं! ज्यांनी गॅलरीतून 'ए, बंद कर रे' म्हणून त्याला चपला दाखवल्या, ते आता नातवंडांना सांगतात, 'आमच्याच बिल्डिंगमधला हो!' सांगू देत. पण गाणं आवडत नाही म्हणून माणूस आवडू नये असं थोडंच आहे? दिगू मला फार आवडायचा. अजून आठवण आली की आधी हसूच येतं.

आमची बिल्डिंग भांडुप पश्चिमेला, टेकडीच्या चढावर. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर लांबलचक गॅलरी आणि रांगेने खोल्या. दुसऱ्या मजल्यावर आम्ही मोघे आणि आमच्या भिंतीला भिंत लागून तावडे. भिंत आपली म्हणायला. तिकडे कुणी शिंकलं तर इकडून 'सत्य आहे' म्हणावं इतकी पातळ. तावडेकाका गिरणीत होते, गिरणीपाठोपाठ तेही गेले. राहिल्या काकू आणि त्यांचा एकुलता एक दिगू. काकू मूळच्या मालवणकडच्या, चाळीस वर्षं मुंबईत काढूनही मालवणीच बोलणाऱ्या.

दिगू बी.कॉम. झाला आणि स्टेशनजवळच्या एका क्लासात अकाउंट्स शिकवायला लागला. अंगाने किडकिडीत, केस तेल लावून चापून बसवलेले, फुल शर्टाचं गळ्याखालचं शेवटचं बटणसुद्धा लावलेलं आणि खिशाला निळं पेन. बघणाऱ्याला वाटावं, हा आता आपल्याकडे विम्याचा हप्ता मागणार. आणि हा पोरगा रॉक बँड काढून बसला! बरं, नाव काय ठेवावं? 'कोरडा नळ'.

"गो बाय, तू तरी सांग तेका," काकू माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावायच्या. "घरात पाण्याचो थेंब येणा नाय, आणि ह्यो नळाच्या नावान बोंब मारता."

"आई, म्हणूनच तर," दिगू तिकडून शांतपणे म्हणायचा.

गाण्यांत प्रेम नाही, चंद्र नाही, पाऊस नाही. बंद पडलेली लिफ्ट, रॉकेलची रांग, घरमालकाची पावती, असले विषय. त्यातलं 'पाणी आलं का' हे मुख्य. 'बादली विचारते, हंडा विचारतो, पाणी आलं का?' एवढीच ओळ. दिगू ती आधी कुजबुजायचा, मग साध्या आवाजात विचारायचा आणि मग अशी काही किंकाळी फोडायचा की विचारू नका. एकदा खालच्या मजल्यावरच्या दोघीजणी खरोखर हंडे घेऊन नळाकडे धावल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी दिगूचा जो उद्धार केला, त्याला मात्र चांगली चाल होती.

बँडमधल्या चौघांची ही सगळी प्रॅक्टिस तावडेंच्या खोलीत, रविवारी दुपारी. मी आठवडाभर ऑफिसात खर्डेघाशी करणारी बाई. रविवारची जेवणं उरकली की तास-दीड तासाची झोप, एवढंच माझं ऐश्वर्य. ते या चौघांनी लुटलं. पहिल्यांदा मी जाऊन गोड बोलून बघितलं. मग कडू बोलून बघितलं. मग एके दिवशी पोळ्यांचं लाटणं उचललं आणि भिंतीवर हाणलं. पुढे ते ठरूनच गेलं. एक ठोका, मग लागोपाठ दोन, मग शेवटचा सणसणीत. पहिला ठोका मारला की माझ्या बांगड्या मनगटावर पुढे यायच्या, त्या मागे सारायच्या आणि मग पुढचे ठोके. हाताला सवयच लागली.

तर झालं असं, की एका रविवारी त्यांनी कुठूनसा भाड्याने टेप आणला आणि घरातच कॅसेट भरायला घेतली. दाराखिडक्यांना गाद्या टांगलेल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. नेमकं 'पाणी आलं का' चालू असताना दिगू किंचाळायचा थांबला, क्षणभर शांतता झाली आणि त्या शांततेत मी माझे चार ठोके हाणले. संध्याकाळी दिगू दारात उभा.

"वहिनी, तुमचं लाटणं आलंय कॅसेटमध्ये."

"मग पूस की."

"पुसायचं तर पुन्हा अख्खं गावं लागेल. टेप परत करायचाय."

"नको बाबा," मी घाईघाईने म्हणाले. "राहू दे तसंच."

अशी मी त्या कॅसेटमध्ये गेले आणि विसरूनही गेले.

दिगूची एक खोड होती. क्लासात शिकवून शिकवून जिभेवर बसलेलं, गाणं संपलं की हा समोरच्यांना विचारायचा, "कळलं का? नसेल कळलं तर परत घेतो." आमच्या गणपतीच्या मंडळाने एका वर्षी त्यांना स्टेज दिलं. पहिलं गाणं संपलं. लोक दगड झाल्यासारखे बसलेले. दिगूने सवयीने विचारलं, "कळलं का?" आणि अख्खा मांडव एका सुरात ओरडला, "कळलं! कळलं!" पुन्हा ऐकावं लागू नये म्हणून बायका पोरांच्या पाठीत गुद्दे घालून ओरडायला लावत होत्या. तरी याने दुसरं सुरू केलंच. तेव्हा सेक्रेटरी पाटकरांनी मांडवामागे जाऊन मेन स्विचच बंद केला आणि लाईट गेल्याचं जाहीर केलं. समोरच्या गल्लीत दिवे लख्ख चालू! दिगू अंधारात गिटार घेऊन उभा. त्याने सगळं गाणं तसंच, शब्द चुकत, माईकशिवाय पूर्ण म्हटलं. मी जायला उठले होते, पण म्हटलं, एवढं करतोय तर बसू या. गाणं भिकारच होतं. पण पोरात दम होता.

पुढे बँड पांगला. ड्रमवाला दुबईला गेला, एकाला बँकेत नोकरी लागली, एक सासऱ्याच्या दुकानात बसला. दिगू राहिला इथेच. लग्नाचं एकदा जमत आलं होतं. मुलीचे वडील म्हणाले, "गाता म्हणे, एखादं म्हणून दाखवा." याने म्हणून दाखवलं. संपलं. त्यावर तो दुःखी झाल्याचं काही मी पाहिलं नाही. दर रविवारी तो एकटाच वाजवायचा आणि दर रविवारी मी आपटायचे. माझी मुलगी शिकली, लग्न होऊन बोरिवलीला गेली, मी रिटायर झाले, तरी हा कार्यक्रम चालू. "ताळेबंद शेवटी जुळतोच वहिनी," असं तो उगाचच म्हणायचा. मला वाटायचं, याचा कुठला जुळतोय?

आणि मग कुणीतरी ती कॅसेट इंटरनेटवर चढवली.

आधी झाली ती टिंगल. टँकरमागे धावणाऱ्या माणसांचे व्हिडिओ आणि त्यावर दिगूची किंकाळी. माझ्याच भाचीने मला पाठवलं, 'मावशी, हसून हसून मेले.' मी ते दिगूला दाखवलं, म्हटलं याला वाईट वाटेल, पण उगाच बाहेरून कळायला नको. त्याने चष्मा वर करून दोनदा बघितलं. म्हणाला, "वहिनी, लोक शेवटपर्यंत ऐकतायत. मांडवात तर अर्ध्यावर स्विच बंद केला होता."

हसता हसता लोक ऐकायलाच लागले की हो! नव्या पोरांचे बँड सांगायला लागले की आम्ही 'कोरडा नळ' ऐकून सुरुवात केली. मग जाणकार उठले. दिगू प्रेक्षकांकडे पाठ करून गातो हा म्हणे व्यवस्थेचा निषेध! अहो, निषेध कसला? याचं पाठांतर कच्चं. शब्द मागच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असायचे. खिशातलं पेन म्हणजे म्हणे कारकुनी जगण्यावरचं भाष्य. तो क्लासातून थेट यायचा, पेन काढून ठेवणार कुठे? मढला, समुद्रकाठच्या कुठल्याशा बंगल्यात नेऊन त्याचे फोटो काढले. 'चेहऱ्यावर राग आणा' म्हणाले. याला काही राग येईना. शेवटी हा आईसाठी सुकट घ्यायची राहील की काय या काळजीत पडला आणि तो चेहरा सगळीकडे छापून आला. फोटोखाली लिहिलं होतं, 'उपनगराचा अस्वस्थ आवाज'. काकूंनी तो फोटो देवाजवळ लावला.

एक दिवस ऋता नावाची मुलगी आली. 'कोरडा नळ'वर मोठा अभ्यास करत होती, मुलगी हुशार आणि गोड. तावडेंकडे चहाला दूध नव्हतं म्हणून दिगू तिला घेऊन आमच्याकडेच बसला. तिने विचारलं, "सर, 'पाणी आलं का'मध्ये मध्येच ते चार आघात येतात. मागे बारीक घुंगरूही आहेत. ते कोकणातलं कुठलं लोकवाद्य आहे? आणि दुसरा आघात तुम्ही मुद्दाम उशिरा टाकलाय ना?"

मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. वळले आणि लाटणं वर केलं. "हे ते वाद्य," मी म्हटलं. "आणि ही घुंगरं." बांगड्या वाजवून दाखवल्या.

ऋता खळखळून हसली. "काकू, तुम्ही भारी जोक करता!"

दिगू कपात तोंड घालून बसला होता. खांदे गदागदा हलत होते.

त्याच मंडळाने त्याचा सत्कारही केला. शाल, श्रीफळ आणि भाषण कुणाचं? पाटकरांचं! 'या कलावंताला पहिलं व्यासपीठ आम्ही दिलं.' खरंच होतं म्हणा ते. दिगू बोलायला उठला, माईक हातात घेतला आणि म्हणाला, "सुरू करण्याआधी एक विनंती. पाटकर काकांना माझ्या शेजारी, मला दिसतील असं बसवा." मांडव हसून लोटपोट. पाटकरही हसले, दुसरं करणार काय?

मालाडला मोठ्या मैदानावर 'कोरडा नळ'चा कार्यक्रम ठरला. चौघे पुन्हा एकत्र, दुबईवाला रजा काढून आला. जुनी गाणी होतीच, पण लोकांना नवीनही हवी होती. त्यामुळे रविवारची प्रॅक्टिस आता रोज दुपारी. पहिल्याच दिवशी मी लाटणं उचललं तर आमच्या ह्यांनी ते हातातून काढून घेतलं.

"अगं, वेडी का तू? मोठा माणूस झालाय आता तो. गॅलरीत लोक येऊन ऐकत उभे असतात. लाज काढशील!"

मी गप्प बसले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मग एका दुपारी दिगू आला. दाढी वाढलेली, वरचं बटण उघडं. दिगूचं बटण उघडं!

"काकू बऱ्या आहेत ना रे?"

"आई मस्त आहे. वहिनी, तुम्ही आपटत का नाही?"

"आता शोभतं का ते?"

तो मटकन खुर्चीत बसला. "मी कार्यक्रम रद्द करतोय. त्या पोरांना सांगून टाकतो, दिगू तावडे संपला. नवीन चार गाणी बसवली. सगळे वाहवा म्हणतात. परवा मी नुसता खोकलो, तर ड्रमवाला म्हणाला, हे ठेवू या! मला काही कळेनासंच झालंय. इतकी वर्षं मी काय करायचो माहितीय? ज्या गाण्यावर तुम्ही आपटलं नाहीत, ते टाकून द्यायचो. ज्याच्यावर आपटलं, ते ठेवायचो. तुमच्या लाटण्याने कधी खोटं सांगितलं नाही. आता खरं सांगा. आवडत नाही म्हणून गप्प आहात, की आवडतंय म्हणून?"

माणूस असा समोर बसून विचारतो तेव्हा काय बोलायचं? हे मला डोळ्यांनी खुणावत होते, गोड बोल, गोड बोल. पण मला वाटलं, अख्खं जग याला गोड बोलतंय आणि हा त्यात बुडतोय. मी समोर बसले.

"दिगू, आपटण्यासारखं त्यात काही नाहीच रे. गुळगुळीत झालंय सगळं. सत्काराच्या भाषणासारखं. परवा तर मला त्यावर झोप लागली."

"झोप लागली?"

"चक्क घोरत होती," हे म्हणाले. आता त्यांनाही राहवलं नाही.

दिगूचा चेहरा पडला. अगदी पांढरा फटक झाला. मला वाटलं, घालवला मी याला हातचा. आणि मग हळूहळू तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. उठला, वरचं बटण लावलं आणि म्हणाला, "थँक्यू वहिनी. चारही टाकली."

पुढे कितीतरी दुपारी पलीकडे नुसती खुडबुड आणि भांडणं. मग एकदा माझा डोळा लागतो न लागतो तोच ते सुरू झालं. आमची बिल्डिंग तेव्हा पाडायला निघाली होती, तेच विषयाला घेतलं होतं मेल्याने. 'ही भिंत कुणाची? तुझी का माझी?' एवढंच. आधी कुजबुज, मग बोलणं आणि मग अशी किंकाळी की मांडणीवरचे पेले थरथरले. मी ताडकन उठले. ह्यांनी "अगं, अगं" केलं, पण मी लाटणं घेतलं आणि जीव खाऊन चार ठोके हाणले. भिंतीचा पोपडा पडला.

पलीकडे सगळं थांबलं. मग दिगूची आरोळी ऐकू आली, "आई, आपटलं!"

"आपटल्यान?" काकूंचा आवाज. "व्हय म्हाराजा!"

कार्यक्रमाला आम्ही गेलो. त्याने पहिल्या रांगेतली तिकिटं पाठवली होती. मी पर्समध्ये कापसाचे बोळे घेऊन गेले होते, ते वापरले. मागे बघते तर हजारो पोरंपोरी आणि निम्म्यांच्या खिशाला निळं पेन! दिगू आला, फळ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि जो काही कल्लोळ झाला, तो बोळ्यांतूनही कानात शिरला. पहिलं गाणं संपल्यावर तो वळला. "कळलं का?"

"नाही!" अख्खं मैदान ओरडलं. "नाही कळलं!"

त्यांना परत हवं होतं. दिगू तिथे उभा राहिला, हातात गिटार, तोंड उघडं. मला तो मांडव आठवला, ते पोरांच्या पाठीत बसणारे गुद्दे आठवले आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग त्याने नेहमीचं उत्तर दिलं, "नसेल कळलं तर परत घेतो," आणि घेतलं.

'पाणी आलं का' सुरू झालं. किंकाळी थांबली आणि त्या शांततेत सगळ्या लोकांनी पाण्याच्या बाटल्या खुर्च्यांवर आपटल्या. माझे चार ठोके! शेजारची मुलगी मला म्हणाली, "आजी, तुम्ही पण वाजवा ना." मी म्हटलं, "नको गं बाई, मला नाही जमत."

दुसऱ्या दिवशी दिगूने विचारलं, "कसं झालं?"

"गाणी बेकार. आणि तुझ्या लोकांचा दुसरा ठोका लवकर पडतो."

"त्यांच्या हातात बांगड्या नाहीत ना," दिगू म्हणाला.

थोड्याच महिन्यांत बिल्डिंग रिकामी करायची वेळ आली. नवीन होईपर्यंत आम्ही बोरिवलीला लेकीच्या जवळ, तावडे मुलुंडला भाड्याने. नवीन बिल्डिंगमध्ये ते वरच्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या विंगला. म्हणजे भिंतीला भिंत आता कधीच लागणार नव्हती. जायच्या सकाळी मी रिकाम्या खोलीत उभी होते. भिंतीवर इतक्या वर्षांच्या ठोक्यांनी खळगा पडलेला. दिगू निरोप घ्यायला आला. तो खळगा त्याने बोटाने चाचपून बघितला.

"मुलुंडला शेजार कसा आहे रे?" मी विचारलं.

"भले लोक आहेत." त्याचा आवाज पार उतरला होता. "परवा सामान ठेवायला गेलो तेव्हा दोन तास मुद्दाम वाजवलं. काही म्हणजे काही बोलले नाहीत. उलट दारात येऊन म्हणाले, सर, आमचं भाग्य."

आता काय करायचं या माणसाचं? माझं स्वयंपाकाचं सामान पिशवीत बांधून झालं होतं. मी पिशवी सोडली, तळातून लाटणं काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हे दे त्यांना. म्हणावं, लाजू नका."

त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, शाल-श्रीफळही त्याने कधी असं घेतलं नव्हतं. मग वाकून नमस्कार केला आणि भराभर जिना उतरला.

मी गॅलरीत आले. खाली टेम्पो भरून उभा होता. काकू पुढे ड्रायव्हरजवळ, मांडीवर तुळशीची कुंडी. मागे सामानात, पत्र्याच्या पिंपावर दिगू, बटण गळ्यापर्यंत, खिशाला पेन. टेम्पो उतारावर वळायला लागला तेव्हा त्याने वर बघितलं, लाटणं उचललं आणि पिंपावर मारलं. एक ठोका. मग त्याने डावा हात उजव्या मनगटावर ठेवला, नसलेल्या बांगड्या मागे सारल्या, आणि मग पुढचे तीन.